काजव्याचा सदरा

१

काचेच्या कारखान्यामागच्या बोळात सकाळी सकाळी एक पोरगं मरून पडलेलं सापडलं, आणि त्याच्या अंगावर घडी न मोडलेला सदरा होता.

जमलेल्या बघ्यांना सदरा दिसला नाही. त्यांना मेलेलं पोर दिसलं. फौजदारांना तर तेही धड दिसलं नाही. त्यांना दिसली पोराच्या उशाशी बसलेली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, तिच्या मुठीतली त्याची टोपी, आणि तिचं बखोट धरून उभा असलेला कारखान्याचा पहारेकरी. चोर, मुद्देमाल आणि साक्षीदार असे तिघेही एका जागी मिळाले की फौजदारांचा दिवस बरा जायचा.

"सही तेवढी करा, डॉक्टरीणबाई," कागद पुढे करत ते म्हणाले. "भिंतीवरून पडून मृत्यू. ढकललं हिनं. पहारेकऱ्यानं डोळ्यांनी पाहिलंय. पहाटे दोघं भिंतीवर चढून भांडत होती."

डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला नाही. बोळाच्या तोंडाशीच गरिबांचा दवाखाना होता. तो त्या चालवायच्या. वस्तीतली पोरं त्यांना 'कडूबाई' म्हणत. औषध कडू म्हणून, आणि जीभ त्याहून कडू म्हणून. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. त्या खाली बसल्या.

पोराला त्या ओळखत होत्या. सगळी वस्ती त्याला काजवा म्हणायची. भट्टीतून काढलेली लालबुंद बाटली लांब चिमट्यात धरायची आणि थंड करायच्या भट्टीपर्यंत पळत न्यायची, हे त्याचं काम. अंधाऱ्या कारखान्यात लाल ठिपका पळताना दिसे, त्यामागचं पोर दिसत नसे. त्याच्या तळहातांवरच्या फोडांना बाईंनी कितीदा तरी मलम लावलं होतं.

तेच तळहात त्यांनी आता उलटून पाहिले. जुने चट्टे होते. नवा ओरखडा एकही नव्हता. डोक्याला मागे खोक होती, पण खालच्या फरशीवर रक्ताचा थेंब नव्हता. दोन्ही डोळ्यांभोवती काळीनिळी वर्तुळं उमटली होती आणि पापण्या सुजून टम्म झाल्या होत्या. चेहरा मात्र स्वच्छ पुसलेला होता आणि केसांचा भांग पाडलेला. काजव्याच्या केसांत भांग! बाईंनी त्याचा हात उचलून पाहिला. हात लाकडासारखा ताठ. खांदा ताठ, गुडघे ताठ.

"पहाटे पडला म्हणता?" त्यांनी पहारेकऱ्याकडे मान वळवली.

"उजाडायच्या जरा आधी, बाई. माझ्या देखत."

"मग हा इतक्यात एवढा ताठला कसा?"

"गारठ्यानं," फौजदारांनी परस्पर निकाल दिला.

"गारठ्यानं प्रेत लवकर नाही, उशिरा ताठतं, फौजदारसाहेब." बाई उठल्या आणि कागद तसाच त्यांच्या हाती परत दिला. "हे पोर पहाटे मेलेलंच नाही. तुमचा साक्षीदार खोटं बोलतोय. मी सही करणार नाही."

२

चौकीच्या कोठडीत ती मुलगी भिंतीला पाठ लावून बसली होती. तिचं नाव भिंगरी. पहाटे छापखान्यातून वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलायचा आणि दिवसभर चौकाचौकांतून ओरडत विकायचा, हा तिचा धंदा. एका जागी ती कधी ठरत नसे म्हणून भिंगरी. आज मात्र हललीसुद्धा नव्हती.

"खाल्लंस काही?" बाईंनी पाव पुढे केला.

"फाशी देणार का मला?"

"पाव खा आधी."

"पण देणार का?"

"नाही. सुधारगृहात पाठवणार म्हणतात, उद्या सकाळच्या गाडीनं."

"फाशी बरी मग," भिंगरी म्हणाली आणि पाव घेतला. "सुधारगृहातून आलेला एक आहे आमच्यात. तो झोपेत पण 'हो साहेब' म्हणतो."

बाईंना हसू आलं. त्यांनी विचारलं, "काल काय झालं, सुरुवातीपासून सांग."

पोरगी बोलायला लागली तशी थांबेना. ती आणि काजवा पुलाखालच्या पडक्या शेडमध्ये राहत, आणखी चार पोरांबरोबर. काल कारखान्यात बक्षीस समारंभ होता. मालकीणबाईंना शहरातल्या मोठ्या लोकांच्या मंडळाकडून मानाचं पदक मिळायचं होतं, अनाथ मुलांवर केलेल्या उपकारांसाठी. काजव्यानं तिला सांगितलं होतं की पाहुण्यांना खाऊ देणार आहेत, उरलेला मी आणीन, तू फाटकाशी थांब.

"मी थांबले ना! दुपारपासून दिवे लागेपर्यंत. पेपर विकत होते तिथंच. हे फौजदार होते ना फाटकावर बंदोबस्ताला, त्यांनी किती वेळा हाकललं मला. ते हाकलायचे की मी दोन पावलं जायचे आणि परत तिथंच यायचे. एकदा छडी पण मारली. ही बघा."

पोटरीवर वळ होता.

"काजवा आलाच नाही. रात्री वाटलं, डबल पाळी असेल. सकाळी पेपर घ्यायला निघाले तर बोळात..." टोपी तिच्याकडून काढून घेतली होती. तरी मूठ मिटलेलीच होती. मग एकदम तिनं मान वर केली. "बाई, एक सांगू? तो सदरा त्याचा नाही."

"कशावरून?"

"त्याला एकच सदरा आहे. ठिणग्यांनी भोकं पडलेला. चाळण म्हणायचो आम्ही त्याला. आणि वरचं बटण तो कधी लावायचाच नाही, गुदमरतं म्हणायचा. ह्याला तर गळ्यापर्यंत बटणं लावलेली."

बाईंच्या डोळ्यांपुढे तो सदरा आला. समोरून सरळ उतरलेली घडीची रेघ, तिला आडवी छेदणारी दुसरी. तो सदरा घालून पोर भिंत चढलं असतं, भांडलं असतं, पडलं असतं, तर ती रेघ शिल्लक राहिली असती का? जिवंत पोराच्या अंगावर तो सदरा चढलाच नव्हता.

"बाई," भिंगरीनं गजातून विचारलं, "मग त्याचा सदरा गेला कुठं?"

३

कारखान्याची मागची भिंत दोन पुरुष उंच होती आणि तिच्या माथ्यावर, चोर येऊ नयेत म्हणून, फुटक्या बाटल्यांच्या काचा चुन्यात रोवल्या होत्या. बाईंनी मान वर करून त्या बघितल्या, मग पहारेकऱ्याकडे बघितलं.

"ह्याच भिंतीवर दोघं उभी राहून भांडत होती?"

"हो बाई."

"अनवाणी?"

पहारेकरी म्हणाला, "पोरांचं काय, बाई. माकडाची जात."

"माकडाचेसुद्धा हातपाय कापतात रे बाबा. त्या पोराच्या तळहातावर नवा ओरखडा नाही. मुलीच्याही नाही."

पहारेकरी नुसता कारखान्याच्या दाराकडे बघत राहिला, दारातून कुणीतरी येऊन आपल्याला सोडवील अशा आशेनं.

आले ते भाचेसाहेब. मालकीणबाईंच्या बहिणीचा हा मुलगा कारखान्याचा कारभार पाहायचा. कपडे कडक, बोलणं मऊ.

"डॉक्टर, तुम्ही उगीच पायपीट करताय. बारा वर्षांखालचं एकही पोर आमच्या भट्टीवर नाही. कायदाच आहे तसा. काल सरकारी तपासनीस मंडळींबरोबर आले होते, त्यांनी स्वतः पाहिलं."

"ते येणार हे तुम्हाला आधी कळलं होतं?"

"म्हणजे काय! निमंत्रण आम्हीच दिलं."

"मग पोरांना कुठं ठेवलंत?"

भाचेसाहेब हसले, पण फक्त ओठांनी. "मी समारंभाच्या तयारीत होतो. दिवसभर पाहुण्यांबरोबर. आतलं मुकादम बघतो."

मुकादम बांधणीच्या दालनात भेटला. बाटल्या पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यांत भरायची ती लांबलचक खोली. कालचा समारंभ इथंच झाला होता आणि बाईही त्याला होत्या. दवाखाना मालकीणबाईंच्या देणगीवर चालायचा, न येऊन कसं चालेल? पुढच्या रांगेत बसून त्यांनी भाषणं ऐकली होती. मोठ्या पोरांनी आभाराचं गाणं म्हटलं होतं. मधेच खुर्च्यांच्या कडेला रचलेल्या खोक्यांतून खरखर ऐकू आली, तेव्हा शेजारी बसलेल्या मालकीणबाई त्यांच्याकडे झुकून हसल्या होत्या, "उंदीर फार झालेत हो पेंढ्यात," आणि बँडवाल्यांना जोरात वाजवायची खूण केली होती.

आज खोली रिकामी होती. मुकादम एकटाच खोक्यांवर झाकणं ठोकत होता. धिप्पाड गडी, त्याच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं पळायची. वस्तीत कुणालाही विचारलं असतं, काजव्याला कुणी मारलं असेल, तर सगळ्यांनी ह्याच्याकडेच बोट दाखवलं असतं. बाईंनीही येताना तेच धरलं होतं.

"काजवा काल कामावर होता?" त्यांनी विचारलं.

"नाही." हातोडी खाली आली, खिळा वाकला.

"जमीन फार स्वच्छ आहे तुमची."

"काल धुतली. दुपारी. पाहुणे यायचे होते म्हणून. भट्टीपासून इथपर्यंत सगळी धुवायला लावली." तो भराभर बोलला आणि थांबला. मग बाईंनी काहीच विचारलेलं नसताना म्हणाला, "तो सदरा मीच दिला होता त्याला. मागच्या आठवड्यात. तुम्ही उगाच त्याच्यामागं लागू नका."

सदऱ्याबद्दल बाई कारखान्यात कुणाशीच, एका शब्दानंही, बोलल्या नव्हत्या.

४

मालकीणबाईंच्या बंगल्यात चहा आला तो पातळ चिनी मातीच्या कपात. त्यांचा चेहराही तसाच, नाजूक आणि थंड. नवरा गेल्यापासून कारखाना त्यांनीच वाढवला होता. पदक अजून मखमली डबीत टेबलावर होतं.

"वाईट झालं हो," त्या म्हणाल्या. "रात्रभर डोळा नाही लागला मला."

"बातमी तर सकाळी आली ना?"

"पदकाच्या आनंदानं म्हणते मी, डॉक्टर." त्यांनी साखर ढवळली. "पण ही रस्त्यावरची पोरं! आपण किती करायचं? त्या मुलीला सुधारगृहात तरी वळण लागेल."

डॉक्टरीणबाईंनी कप उचलला. आयुष्यात गोड बोलण्याची त्यांना सवय नव्हती. आज प्रयत्न केला. "तुम्ही करता तेवढं कोण करतं? ते कपड्यांचं वाटप तर सगळं शहर वाखाणतं. एवढे सदरे, एवढी पोरं, घोटाळा होत नाही? नोकरचाकर मधल्यामधे लांबवत असतील."

मालकीणबाई खुलल्या. "माझ्याकडे नाही चालत ते. प्रत्येक सदरा माझ्या देखरेखीखाली शिवला जातो, कॉलरीच्या आत लाल टाका घालून, म्हणजे कुणी विकला तर कळावं. कपाटाची किल्ली इथं," त्यांनी कमरेच्या जुडग्याला हात लावला. "भाच्यालाही देत नाही. दान आपल्याच हातानं द्यावं."

"यंदाचं वाटप झालं?"

"छे, अजून महिना आहे. नवे सदरे परवाच आले शिवून. एकही बाहेर गेलेला नाही."

लाल टाका. काजव्याच्या मानेखाली बोट घालताना बाईंना तो दिसला होता, नव्या धाग्याचा. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

मालकीणबाई पुढे झुकल्या. "दवाखान्याला नवी खोली हवी होती ना तुम्हाला? बायकांसाठी? मी बांधून देते. तुम्ही फक्त तेवढी सही करून टाका. उगाच एका पोरापायी कारखान्याचं नाव... आणि तुम्हाला तरी काय, आजवर त्या पोरांची मढी तुम्ही पाहिली नाहीत का?"

"पाहिली."

"मग?"

मग डॉक्टरीणबाईंना ती सुजलेली काळीनिळी वर्तुळं आठवली. मेलेल्या शरीराला अशी सूज येत नाही. डोक्याचं हाड तडकलं की रक्त झिरपत झिरपत डोळ्यांभोवती यायला वेळ लागतो. खूप वेळ. आणि तेवढा वेळ माणूस जिवंत असावा लागतो. म्हणजे मार बसल्यावर पोर लगेच गेलं नव्हतं. बराच वेळ ते कुठंतरी पडून होतं. कुठं? त्याच्या कानातून, अगदी आतून, त्यांनी सकाळीच चिमट्यानं काहीतरी काढलं होतं आणि रुमालात बांधून ठेवलं होतं. पेंढ्याची काडी.

पेंढा, खोकी, कडेची रांग. "उंदीर फार झालेत हो."

कप बशीवर इतक्या जोरात आदळला की चहा मखमली डबीवर सांडला.

५

"सगळ्यांना दालनात बोलवा," बाई फौजदारांना म्हणाल्या. "नाही बोलावलंत तर मी चौकात उभी राहून बोलेन."

कडूबाईंचा चौकातला आवाज फौजदारांनी ऐकला होता. दुपारी मालकीणबाई, भाचेसाहेब, मुकादम आणि पहारेकरी बांधणीच्या दालनात उभे होते. भिंगरीलाही बाईंनी आणवलं होतं. तिच्याबद्दल बोलणं होणार तर तिच्या तोंडावर व्हावं.

"हे पोर भिंतीवर चढलं नाही," बाईंनी सुरुवात केली. "भिंतीवर काचा आहेत, हातावर ओरखडा नाही. हे पोर पहाटे मेलं नाही. सकाळी ते पुरतं ताठलेलं होतं, म्हणजे मरून रात्र उलटली होती. म्हणून पहारेकऱ्यानं जे पाहिलं म्हणतो ते कुणी पाहिलेलं नाही, कारण ते घडलेलंच नाही."

"मग आदल्या संध्याकाळी ढकललं असेल हिनं," फौजदार म्हणाले.

"मार त्याहून आधीचा आहे. डोळ्यांभोवतीची सूज सांगते की मार बसल्यावर ते कितीतरी तास जिवंत होतं. म्हणजे मार काल दुपारचा, समारंभाच्या आगेमागे. त्या वेळी ही मुलगी कुठं होती, हे तुम्हीच सांगा."

"मी? मी काय सांगणार?"

"फाटकावर कोण होतं बंदोबस्ताला? कुणी हिला दिवे लागेपर्यंत हाकललं?" बाईंनी भिंगरीची पोटरी दाखवली. "ही छडी कुणाची, फौजदारसाहेब? मुलगी दुपारभर फाटकाबाहेर होती ह्याचे साक्षीदार तुम्ही स्वतः आहात."

फौजदारांचा हात नकळत छडीवर गेला आणि तिथून मागे आला.

"आता हे." बाईंनी रुमाल सोडला. "पेंढ्याची काडी. पोराच्या कानातून निघाली. ह्या वस्तीत पेंढा एकाच खोलीत आहे. आणि अंगावरचा सदरा मेल्यावर चढवलेला, कारण जुन्या सदऱ्यावर रक्त होतं आणि भट्टीच्या ठिणग्यांची भोकं. तो सदरा बघितला असता तर मुलं भट्टीवर असतात हे आंधळ्यालाही कळलं असतं. नवा सदरा आला बंद कपाटातून. मुकादम म्हणतो, मी मागच्या आठवड्यात दिला. मागच्या आठवड्यात तो शिवूनही झाला नव्हता. कपाटाची किल्ली फक्त एका कमरेला असते. हे मला कुणी सांगितलं, मालकीणबाई?"

भाचेसाहेब हळूच म्हणाले, "मावशी?"

उत्तर दिलं ते मुकादमानं. एवढा दांडगा गडी, खोक्याचा आधार घेत खाली बसला.

"जमीन ओली होती, बाई. पाहुण्यांसाठी धुतलेली. मी म्हटलं होतं, ओल्यावर पळवू नका पोरांना, घसरतील. पण माल थांबवायचा नव्हता. काजवा बाटली घेऊन पळत आला आणि पाय गेला. मागं साच्याची लोखंडी कड. उठलाच नाही. तेवढ्यात फाटकात गाड्या आल्या, तपासनीसाची पहिली. बाईसाहेब म्हणाल्या, झाक. मी उचलून खोक्यात ठेवला. पेंढ्यावर. मऊ लागावं म्हणून."

"श्वास चालू होता?"

"होता, बाई. कण्हत होता. मी म्हटलं बाईसाहेबांना, डॉक्टरीणबाई तर आलेल्याच आहेत, पुढच्या रांगेत बसल्यात. हळूच बोलावू का?" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणाल्या, समारंभ होऊ दे आधी. पाहुणे गेले तोवर... झाकण काढलं तर गार. मग बाईसाहेबांनी त्याचं तोंड पुसलं, भांग पाडला, सदरा दिला. अंधार झाल्यावर मी आणि पहारेकऱ्यानं बोळात ठेवला. सकाळी ही पोर तिथं सापडली, तेव्हा हिच्यावर ढकलायचं ठरलं."

डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं, हे सगळं सिद्ध झालं की आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. खोक्यांच्या त्या रांगेपासून कालची त्यांची खुर्ची किती जवळ होती, तेवढंच त्यांना दिसत होतं. पिशवी पायाशी होती. पिशवीत सगळं होतं.

"तो खरखरला, तेव्हा तुम्ही मला उंदीर म्हणालात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं तो जिवंत आहे. हात लांब केला असता तर मी होते."

मालकीणबाईंनी मान ताठ ठेवली. "तपासनीसासमोर? कारखान्याला टाळं लागलं असतं. शेकडो चुली पेटतात ह्या भट्टीवर. एका पोरासाठी त्या विझवायच्या? आणि ते जगलं असतं ह्याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही."

"झालं तर."

"खात्री नव्हती म्हणूनच बोलवायचं असतं, बाई! मेलाय ह्याची खात्री असती तर मग पुरायलाच न्यायचा!" कडूबाई कडाडल्या. "एक पोर म्हणता? भांग पाडलात ना त्याचा? तेव्हा मोजलंत का एक म्हणून? त्याच पोरांच्या नावावर तुम्ही पदक घेतलंत, आणि त्यातलं एक तुमच्या शेजारी पेंढा खरवडत होतं, तेव्हा तुम्ही वाजंत्री वाढवलीत!"

भिंगरी पुढे आली आणि मालकीणबाईंसमोर उभी राहिली. लहान होती, मान वर करावी लागली.

"त्याची चाळण कुठाय?" तिनं विचारलं. "सदरा हो त्याचा. कुठं टाकला?"

"भट्टीत," मुकादम खाली बघत म्हणाला.

मालकीणबाईंनी पहिल्यांदाच नजर दुसरीकडे वळवली.

६

भिंगरी त्याच दिवशी सुटली. बाकीचं मात्र तिला किंवा बाईंना हवं तसं झालं नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते तसं कधी होतं?

मुकादम तुरुंगात गेला. पहारेकऱ्याला खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. मालकीणबाईंच्या वकिलानं कोर्टाला सांगितलं की त्या घाबरल्या होत्या, विधवा आहेत, प्रकृती नाजूक आहे, आणि पोर वाचलंच असतं असं खुद्द डॉक्टरही म्हणत नाहीत. कोर्टानं ताकीद दिली आणि दंड केला. तपासनीसाला बदली मिळाली, वरच्या जागेवर. पदक परत मागण्याचा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला आणि चहा आल्यावर मागे पडला. महिन्याअखेर दवाखान्याची देणगी बंद झाली. बाईंनी दारावरची पाटी उतरवली, औषधांची कपाटं हातगाडीवर घातली आणि पुलाजवळ एका बंद पडलेल्या दुकानात नेऊन लावली. गाडी ढकलायला वस्तीतली निम्मी पोरं आली आणि वाटेत दोन बाटल्या फोडून बोलणीही खाऊन गेली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी दुकानात शिरली. काखेत गठ्ठा, चेहरा लाल.

"बाई, वाचून दाखवा. काय लिहिलंय काजव्याचं?"

बाईंनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. शेवटच्या पानावर, घोड्यांच्या शर्यतीच्या निकालाखाली, चार ओळी सापडल्या. कारखान्यात अपघात होऊन एक मुलगा दगावला, मुकादमाच्या हलगर्जीपणाबद्दल त्यास शिक्षा झाली. मालकीणबाईंचं नाव नव्हतं. खोक्याचा उल्लेख नव्हता. काजव्याचंही नाव नव्हतं.

"एवढंच?"

"एवढंच."

"पहिल्या पानावर काय आहे मग?"

"राजवाड्यातली मेजवानी."

भिंगरीनं वर्तमानपत्र परत घेतलं, नीट घडी घातली आणि निघाली. बाई हातातलं काम टाकून दारात आल्या.

चौकात गर्दी होती. कचेऱ्यांत जाणारे बाबू, गाड्या, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका. भिंगरी दिव्याच्या खांबाच्या चौथऱ्यावर चढली, गठ्ठा डोक्यावर धरला आणि तिच्या त्या फाटक्या, खणखणीत आवाजात ओरडली:

"ताजी बातमी! जिवंत पोर खोक्यात कोंडलं! मालकीणबाईंनी वर वाजंत्री वाजवली! काचेच्या कारखान्याच्या मालकीणबाई! डॉक्टर हाताशी होती, बोलावली नाही! ताजी बातमी!"

लोक थबकले. एकानं घेतला, दुसऱ्यानं घेतला. घेणारे तिथंच उभं राहून पानं उलटू लागले. कचेरीचा एक जाडजूड बाबू तणतणत परत आला. "अगं ए पोरी, फसवतेस काय? ह्यात कुठाय ही बातमी?"

"नाहीच आहे, साहेब," भिंगरी म्हणाली. "त्यांनी छापली नाही. म्हणून तर मी सांगतेय. विचारा काय विचारायचं ते."

बाबू पेपर मिटून एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, "कुठलं पोर?" आणि भाजीवाली म्हणाली, "कुठला कारखाना ग?" आणि तिच्याभोवती माणसं दाटत गेली. भिंगरी सांगत होती. कुणी हसलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यावर पेपर विकणाऱ्या एका पोरानं ते ऐकलं, हातातलं पान बघितलं, आणि मेजवानीची बातमी सोडून तेच ओरडायला लागला. त्याच्यापुढच्या नाक्यावर आणखी एकानं उचललं. बूटपॉलिशवाली पोरं ब्रश पेटीवर आपटून साथ देऊ लागली.

फौजदार चौकात आले तेव्हा सगळ्या बाजूंनी एकच बातमी येत होती. त्यांनी छडी उगारली. मग गर्दीकडे पाहिलं, आणि गर्दीतून आपल्याकडे पाहणाऱ्या कडूबाईंकडे. छडी खाली आली.

"खाली उतर," ते भिंगरीला म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"बातमी खोटी असेल तर उतरते, साहेब," ती म्हणाली. "खोटी आहे का?"

सगळा चौक त्यांच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"नाही," फौजदार म्हणाले.